पावणेतीन वर्षांच्या लेकीला डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये न्यावं का?

मोगरा

नमस्कार मंडळी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडला चाललोय. मी, नवरा, सासू-सासरे आणि आमची पावणेतीन वर्षांची लेक. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, शिवाय सासू-सासरे एप्रिलमध्ये नाशिकला परत जातील, म्हणून आत्ताच जायचं ठरलं.

बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते हाँटेड मॅन्शनपाशी, म्हणजे भुतांच्या वाड्याच्या राइडपाशी. नवरा इथे अमेरिकेत शिकायला आला तेव्हा मित्रांबरोबर पहिल्यांदा याच राइडमध्ये बसला होता. त्याला ती आई-बाबांना दाखवायचीच आहे, आणि लेकीलाही. त्याचं म्हणणं, उंचीची अट नाही, गाडी हळू चालते, कडेवरची बाळंसुद्धा आत दिसतात. सासूबाई म्हणतात पोर दचकेल, रात्री रडत उठेल. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळेच काही ठरत नाहीये.

लेकीबद्दल थोडं: अंधाराचं तिला काही वाटत नाही, दिवा बंद करून झोपते. पण मिक्सर लावला की पळत दुसऱ्या खोलीत जाते आणि दाराआडून 'झालं?' असं विचारत राहते. चादर डोक्यावर घेऊन 'मी भूत' म्हणत घरभर फिरते. या वयाच्या मुलांना ज्यांनी नेलंय त्यांनी नक्की काय झालं ते सांगा. ज्यांनी नेलं नाही त्यांनी काय केलं तेही सांगा.

सह्यकडा

आम्ही तिथून तासाभराच्या अंतरावर राहतो, मॅजिक की (वर्षभराचा पास) आहे, त्यामुळे या राइडमध्ये इतक्या वेळा बसलोय की डोळे मिटूनही सांगता येईल. थोडं सविस्तर लिहितो, कारण 'भीतीदायक आहे का' या प्रश्नाचं एक उत्तर नाही. सात-आठ मिनिटांत चार वेगवेगळ्या प्रकारची भीती आहे आणि कुठलं मूल कशाला घाबरेल ते वेगवेगळं असतं.

बाहेरून तो पांढरा, खांबांचा, छान राखलेला वाडा आहे. समोर बाग. मुलांना तो आवडतोच. आत गेलात की एका छोट्या दालनात उभं करतात आणि तिथून अष्टकोनी खोलीत. हीच ती स्ट्रेचिंग रूम. दार बंद होतं, भिंतीवरची चित्रं खालून लांब होत जातात, खर्जातला आवाज सांगतो की या खोलीला दारं नाहीत, खिडक्या नाहीत. मग दिवे जातात, वीज कडाडते, वर छतापाशी गळफास घेतलेली आकृती क्षणभर दिसते आणि एक किंकाळी येते. पुन्हा मिट्ट काळोख. सगळं मिळून काही सेकंदांचं काम, पण गर्दीत उभे असता, अनोळखी लोकही मुद्दाम ओरडतात, आणि लहान मूल त्यांच्या कमरेच्या उंचीवर असतं. त्याला चित्रं दिसत नाहीत, फक्त माणसं आणि आवाज.

माझ्या मते संपूर्ण राइडमधली सगळ्यात अवघड जागा हीच, आणि ती गाडीत बसायच्या आधीच येते. दोघा पोरांपैकी धाकटा इथेच माझ्या गळ्याला असा बिलगला की मानेवर त्याच्या नखांच्या खुणा होत्या. पुढे गाडीत बसल्यावर तो मेणबत्त्या मोजत होता.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: ती खोली म्हणजे खरोखरची लिफ्ट आहे. आगगाडीच्या रुळांच्या बांधाखालून माणसांना पलीकडच्या मोठ्या इमारतीत न्यायचं होतं, म्हणून जमिनीखाली उतरवायची ही युक्ती. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅन्शनमध्ये अशी गरज नव्हती, तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. वाडा बाहेरून १९६३मध्येच तयार होता, राइड उघडली ९ ऑगस्ट १९६९ला.

पुढे डूम बग्ग्या. काळ्या शिंपल्यासारख्या, एकामागोमाग एक, न थांबणाऱ्या. वेग अगदी कमी. तरंगणारी मेणबत्ती, शवपेटीचं झाकण आतून उचलणारे हात, श्वास घेतल्यासारखी फुगणारी दारं, काचेच्या गोळ्यातून बोलणारं बाईचं डोकं. मग नाचणाऱ्या भुतांचं दालन, ते वरून दिसतं आणि खरंच सुंदर आहे. त्यानंतर माळा, तिथे काळजाच्या ठोक्यांचा आवाज आणि नवरी. माळ्यावरून गाडी पाठमोरी होऊन उतरते, तुम्ही आडवे झाल्यासारखे मागे झुकता. मग स्मशान: गाणारे पुतळे, थडग्यांमागून टपकन वर येणारी मुंडकी. शेवटी आरशात आपल्याच गाडीत एक भूत बसलेलं दिसतं.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. एक, स्पीकर बग्गीत तुमच्या डोक्यामागेच आहेत. आवाज दालनातून येत नाही, कानाशी येतो. दोन, एकदा बसलात की मधे उतरता येत नाही. कुणाला चढायला वेळ लागला तर अख्खी साखळी थांबते, आणि तुम्ही जिथे असाल तिथेच थांबता, मग ते स्मशान असो नाहीतर माळा.

ओसरी

मी नेऊ नका म्हणेन. आमच्या मुलाला तीन वर्षांचा असताना एका दुसऱ्या पार्कमध्ये अशाच अंधाऱ्या राइडमध्ये नेलं होतं. आत तो रडलाच नाही, गप्प होता. आम्हाला वाटलं, वा, शूर आहे. बाहेर आल्यावरही आइस्क्रीम खाल्लं. घरी आल्यावर मात्र दोन महिने बाथरूमचं दार लावू देईना. कुणीतरी दाराबाहेर बसून गाणं म्हणायचं, तेव्हा तो आत जायचा. गप्प बसलेलं मूल घाबरलेलं असू शकतं हे मला तेव्हा कळलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मोगरा

सह्यकडा, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. नवऱ्यालाही वाचायला दिलं. स्पीकर डोक्यामागे असतात हे त्याला आठवतही नव्हतं.

ओसरी, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं. आमची रडण्याच्या बाबतीत मोकळी आहे, पण गप्प राहण्याचा मुद्दा लक्षात ठेवते.

पाटीपेन्सिल

मी पुण्यात बालवाडीत शिकवते, सतरा वर्षं झाली. डिस्नेलँड पाहिलेलं नाही, पण पावणेतीन वर्षांची मुलं रोज बघते, म्हणून लिहिण्याचं धाडस करते.

या वयाच्या मुलाला 'ते खोटं आहे' हे सांगून भीती जात नाही. तो हट्ट नसतो. दिसतं तसं नसतं, ही समज बहुतेक मुलांमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पक्की होत जाते. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी लहान मुलांना दगडासारखा दिसणारा स्पंज हातात दिला होता. तीन वर्षांच्या मुलांनी तो दाबून पाहिला, मऊ आहे हे त्यांना कळलं. मग 'दिसतो कसा' आणि 'खरा काय आहे' असं विचारलं तर बहुतेकांनी दोन्हीला एकच उत्तर दिलं. आता त्या मुलाला सांगा की समोर दिसणारं भूत म्हणजे काचेतलं प्रतिबिंब आहे. तुमची लेक चादर घेऊन भूत होते तेव्हा भूत तीच असते, खेळ तिच्या हातात असतो. राइडमध्ये खेळ दुसऱ्याच्या हातात असतो. दोन्ही सारखे समजू नका.

दुसरं, तुमचा चेहरा. १९८५ साली एका अभ्यासात वर्षभराची बाळं काचेच्या टेबलावर ठेवली होती, पुढे काचेखाली जमीन खोल गेल्याचा भास होता. पलीकडे आई हसऱ्या चेहऱ्याने उभी असली तर बरीच बाळं रांगत पार गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. मूल आधी आईकडे बघतं आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवतं. म्हणून नेणार असाल तर मनात धाकधूक असलेल्या माणसाने तिला मांडीवर घेऊ नये. आणि अंधारात तिला तुमचा चेहरा दिसत नाही, तेव्हा हात आणि आवाज हेच तुमचा चेहरा असतात. एकसारखं, हळू, तिच्या कानाशी बोलत राहा.

रात्रीबद्दल सासूबाईंची काळजी रास्त आहे. फक्त दोन गोष्टींत गल्लत करू नका. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ते गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं असतं. दगदग आणि चुकलेल्या झोपेने ते वाढतं, भूत बघितलं असो वा नसो. पहाटेकडे उठून 'बाऊ आला' असं सांगतं ते स्वप्न. त्याला जवळ घेऊन बोलता येतं.

दिवेलागण

पाटीपेन्सिल यांच्याशी पूर्ण सहमत. मी आजी आहे, नातू सिएटलला असतो, म्हणून हा धागा वाचत होते.

मला एक विचारायचं आहे. घरात तिला कुणी बुवा दाखवला आहे का? 'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल' हे आपल्याकडे इतकं तोंडात बसलेलं आहे की बोलताना कळतही नाही. मी स्वतः माझ्या मुलांना असं जेवू घातलंय. ज्या पोराला बुवाचा धाक दाखवलेला असतो त्याला राइडमधला बुवा म्हणजे आईनेच बोलावलेला वाटतो. तसं असेल तर अजिबात नेऊ नका.

आणि एक हात जोडून विनंती. ती नको म्हणाली तर 'भित्री भागूबाई' म्हणू नका, लाडानेसुद्धा नाही. मी सहा वर्षांची असताना जत्रेत भूतबंगला आला होता. तट्ट्याची बोळवजा वाट, आत काळं कापड, वरून ओल्या चिंध्या टांगलेल्या, त्या गालाला लागायच्या. पलीकडून कुणीतरी पत्रा बडवायचं. मी दाराशीच मामाच्या धोतराला धरून बसले. भावंडं आत जाऊन आली आणि पुढे लग्न होईपर्यंत मला भागूबाई म्हणत राहिली. मला आता त्या पत्र्याचा आवाज आठवत नाही. मामाने माझा हात धोतरापासून सोडवला, ते आठवतं.

कवडसा

थोडा वेगळा सूर लावते. माझी मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची होती तेव्हा याच राइडमध्ये बसली आणि तिला प्रचंड आवडली. नाचणारी भुतं बघून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःहून 'गाणारी भुतं' म्हणून हट्ट धरला. लहान मुलांना मरण, थडगं, फास यांचा अर्थच लागत नाही, आपण आपली भीती त्यांना चिकटवतो. रंग, संगीत आणि हळू चालणारी गाडी, एवढंच तिला दिसलं. मला तर वाटतं, पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती जास्त घाबरवते, कारण त्यांना कळायला लागलेलं असतं.

सह्यकडा

कवडसा, तुमचा अनुभव खराच असणार, आणि 'कळत नाही म्हणून भीती नाही' हे गळफासाच्या आकृतीपुरतं मलाही पटतं. माझ्याही मुलांनी तिचं कधी नाव काढलं नाही. पण अचानक आलेला मोठा आवाज समजावा लागत नाही. त्याला अंग आधी दचकतं, अर्थ मागाहून येतो. मोगरा यांची लेक मिक्सरला पळते, हा मला धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील वाटतोय.

कवडसा

मान्य. माझी मुलगी मिक्सरशेजारी बसून जेवते.

बंदरकाठ

आम्ही हाँगकाँगला राहतो. इथल्या डिस्नेलँडमध्ये हाँटेड मॅन्शन नाहीच, त्या जागी २०१३ साली मिस्टिक मॅनर उघडलं. मृतात्म्यांकडे बघण्याची इथली दृष्टी वेगळी, म्हणून भुतं पूर्ण वगळली. एक संग्राहक, त्याचं अल्बर्ट नावाचं माकड आणि एक जादूची पेटी, ती उघडल्यावर घरातल्या वस्तू जिवंत होतात. आमच्या लेकाने अडीच वर्षांचा असताना ती आनंदाने केली. पॅरिसचं फँटम मॅनर मात्र अ‍ॅनाहाइमपेक्षाही गडद आहे, तिकडे छोट्यांना मी नेणार नाही. म्हणजे 'डिस्नेची भुताची राइड' असं सरसकट बोलून उपयोग नाही, कुठल्या गावची ते बघावं लागतं.

पाणवठा

मोगराताई, आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो, मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. आम्ही पायरीपायरीने गेलो ते सांगतो.

पहिल्या दिवशी सकाळी फँटसीलँडमधली स्नो व्हाइटची राइड. पूर्वी तिच्या नावातच 'स्केअरी' होतं, २०२१मध्ये ती बदलून सौम्य केली. तरीही राणीची चेटकीण होते तो भाग आहे, अंधार आहे, पण सगळं दोन मिनिटांत संपतं. दाराबाहेर उभं राहून वर बघा, खिडकीचा पडदा सरकवून राणी अधूनमधून खाली बघते. तिथेच मुलाचा अंदाज येतो. आमचा तिला टाटा करत होता. पिनोकिओ आणि मिस्टर टोड या राइडच्या मात्र नावावर जाऊ नका. टोडची राइड शेवटी थेट नरकात जाते, लाल उजेड आणि सैतानं. पायरेट्स या चाच्यांच्या राइडमध्ये सुरुवातीलाच अंधारात दोनदा होडी खाली घसरते आणि मग सांगाडे. या राइड मॅन्शनच्या आधी करू नका.

यूट्यूबवर अख्ख्या राइडचे व्हिडिओ आहेत. ते मुलासाठी म्हणून नाही, आधी तुम्ही बघा, आवाज मोठा ठेवून, हेडफोन लावून. मुलाला दाखवायचेच तर मांडीवर घेऊन, मधे थांबवत. फोनवर आवडलं म्हणजे आत आवडेल असं नाही, पण फोनवरच नको म्हणालं तर प्रश्न मिटला.

वेळ दुपारच्या झोपेनंतरची निवडा. रात्री आठला दमलेल्या मुलाला नेलं तर काहीही घाबरवतं.

आणि सणांच्या दिवसांत येणाऱ्यांसाठी: २००१पासून जवळजवळ दरवर्षी मॅन्शनवर हॅलोविन-नाताळची सजावट चढवतात, साधारण उन्हाळा सरता सरता सुरू होऊन जानेवारीपर्यंत. तेव्हा आत वेगळीच पात्रं, वेगळं संगीत असतं. मार्चमध्ये तुम्हाला मूळची मिळेल.

ओसरी

पाणवठा, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

मोगरा

मंडळी, कालच परत आलो. सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, म्हणून झालं ते सगळं लिहिते.

दिवेलागण आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'मी तिला परवाच म्हटलं गं, वरण संपव नाहीतर बुवा येईल.' त्या दिवसापासून घरात बुवा बंद आहे. त्यांनीच केला.

पहिल्या दिवशी सकाळी फँटसीलँड. राणीच्या खिडकीकडे लेक बघत राहिली, 'ती आजी का रागावली?' असं विचारलं. राइड केली, माझ्या मांडीवर. चेटकीण आली तेव्हा तिने माझा अंगठा घट्ट धरला, पण बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, 'परत'. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, ठरलं.

आणि मग अर्ध्या तासाने स्वच्छतागृहात सगळं उलटं झालं. तिथले फ्लश आपोआप होतात. ती कमोडवर बसलेली असतानाच तो सुटला, तेवढ्यात शेजारी कुणीतरी हात वाळवायचं यंत्र लावलं. तिने दोन्ही हात कानांवर घेतले आणि श्वासच धरला. रडली नाही. ओसरी, मला तुमचा मुलगा आठवला. ओठ पांढरे पडले होते. उचलून बाहेर आणली, बाकावर बसले, पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा तिचं काळीज चिमणीसारखं धडधडत होतं. दहा मिनिटांनी पहिलं वाक्य आलं: 'आई, तो मिक्सर कुठे गेला?'

बाकावर बसल्या बसल्याच माझं ठरलं. चेटकीण चालते, अंधार चालतो, अचानक येणारा आवाज चालत नाही. बंद खोलीत, वीज कडाडून, कानाशी किंकाळी, हे तिच्यासाठी नाही. नवऱ्याला सांगितलं तर तोही बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, 'नाही न्यायचं तिला.' वाद झालाच नाही. (नंतर एका बाईंनी युक्ती सांगितली, फ्लशच्या सेन्सरवर चिकटपट्टीचा कागद लावायचा. पुढचे दोन दिवस पर्समध्ये गठ्ठाच होता. अतिशय कामाची गोष्ट, लहान मुलांना नेणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी.)

दुसऱ्या दिवशी नवरा आणि बाबा, म्हणजे सासरे, मॅन्शनमध्ये गेले. आम्ही तिघी बाहेर नदीकाठी, ती मोठी पांढरी आगबोट बघत. लेकीला वाडा फार आवडला होता, कठड्याला धरून विचारत होती, 'आत कोण राहतं?' सासूबाई म्हणाल्या, 'भुतं राहतात, नाचतात, गातात.' 'आपण?' 'आपण तू मोठी झालीस की.' तिला ते पटलं. सासूबाईंनी तिला भुतांचं वर्णन असं केलं की नाशिकच्या वाड्यातलं लग्नघर वाटावं.

बाबा बाहेर आले ते खुशीतच. त्यांना त्या नाचाच्या दालनाचं कोडं पडलं होतं, आरपार दिसणारी माणसं कशी नाचतात म्हणून. नवऱ्याने समजावलं की मोठ्या काचेतलं प्रतिबिंब आहे, इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात रंगभूमीवर पेपर नावाच्या माणसाने गाजवलेली युक्ती. मग बाबांनी खाली वाकून लेकीला सांगितलं, 'अगं, शेवटी एक भूत माझ्या शेजारी येऊन बसलं, म्हणालं मी पण येतो घरी.'

ती एक पाऊल मागे सरकली, बाबांकडे नीट बघितलं. मग पुढे येऊन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. एक खिसा झाला, दुसरा झाला. चष्म्याचं घर काढून उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं. मग पँटच्या खिशातून पेपरमिंटची गोळी मिळाली.

'भूत नाही,' म्हणाली, आणि गोळी तोंडात टाकली.

रात्री शांत झोपली. तिन्ही रात्री.